जालना जिल्हा झाला, त्या वर्षीच्या फायली

1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला. कलेक्टर कचेरीसाठी भोकरदनकरांना औरंगाबाद आणि परतूरकरांना परभणी गाठावी लागायची, ती पायपीट संपली. मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांचे हे श्रेय जालनेकरांनी मोकळेपणाने द्यावे. मात्र त्यांचे सरकार सिमेंटचे कोटे कुणाला देते, हे त्याच वर्षी बाहेर आले. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळे आणि मुंबईत त्या परवान्यांचा संबंध मुख्यमंत्र्यांच्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्यांशी निघाला. गोरेगावचे समाजवादी नेते पी. बी. सामंत उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर जानेवारी 1982 मध्ये अंतुले पायउतार झाले.

सामंतांच्या सहकारी मृणाल गोरे यांची सारी कारकीर्द सत्तेला जाब विचारण्याच्या याच मार्गाने गेली. 1961 मध्ये त्या मुंबई महापालिकेत आल्या, त्या पाण्याच्या प्रश्नावर भांडत. 1972 मध्ये आमदार झाल्या. तेव्हा मराठवाडा दुष्काळात होरपळत होता. अहिल्या रांगणेकरांसोबत त्यांनी लाटणे मोर्चे काढले. रेशनचे धान्य आणि तेल जाते कुठे, याचा हिशेब त्या मागत होत्या. मला त्यांची ही बाजू सर्वांत मोलाची वाटते. रस्त्यावर विचारलेला प्रश्न सभागृहात तारांकित प्रश्न होऊन येई, मग लक्षवेधी होई, आणि मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागे. आणीबाणीत तुरुंगवास आणि 1977 मध्ये लोकसभा, हा टप्पा सर्वज्ञात आहे.

1985 मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या. पुढच्याच वर्षी जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलने 14 रुग्ण दगावले. चौकशी आयोगावर पुन्हा लेंटिनच होते. आयोगाने औषध प्रशासनातला भ्रष्टाचार वेशीवर टांगला, आरोग्यमंत्र्यांना जावे लागले. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारे अशासकीय विधेयक गोरे यांनी त्याच काळात मांडले. 1988 मध्ये राज्याने तसा कायदा केला. त्याच वर्षाअखेर त्या विरोधी पक्षनेत्या झाल्या.

हिशेब मागण्याचे हे साधन पुढे सामान्य माणसाच्याही हाती आले. माहितीचा अधिकार राज्यात 2002 मध्ये अध्यादेशाने प्रभावी रूपात आला आणि 2005 मध्ये देशभर लागू झाला. आज जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीचा मजूर 10 रुपये भरून रोजगार हमीचे मस्टर मागू शकतो. गोरे यांच्या काळात त्याला बहुधा आमदारामार्फत विचारावे लागे. तरीही आमदारांचे काम संपलेले नाही. माहिती अधिकारी कागद देतो, पण त्या कागदातल्या नोंदीचा जाब विचारायला लागणारे उपप्रश्न सभागृहात विचारता येतात.