ब्रँकाचा दुसरा चेंडू

बेसबॉलच्या इतिहासात सर्वाधिक वेळा सांगितला गेलेला फटका कोणता, तर 3 ऑक्टोबर 1951चा. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बॉबी थॉमसनने राल्फ ब्रँकाचा चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत धाडला आणि जायंट्सनी ब्रुकलिन डॉजर्सना 5-4 असं हरवून नॅशनल लीग जिंकली. पण हा फटका कसा बसला याची गोष्ट पुढच्या 50 वर्षांत हळूहळू बदलत गेली. मला रस आहे तो त्या बदलात.

त्या वर्षी ऑगस्टच्या मध्याला डॉजर्स साडेतेरा सामन्यांनी पुढे होते. लीग जवळपास त्यांच्या खिशात होती. जायंट्सनी शेवटच्या 44 पैकी 37 सामने जिंकले, दोघांची बरोबरी झाली आणि निकालासाठी तीन सामने ठरले. पहिला जायंट्सनी घेतला, दुसरा डॉजर्सनी 10-0 असा. तिसऱ्यात नवव्या डावाला सुरुवात झाली तेव्हा डॉजर्स 4-1 असे पुढे होते. पिचर डॉन न्यूकम दमला होता. बघता बघता जायंट्सची एक धाव झाली आणि दोन खेळाडू बेसवर उभे राहिले. डॉजर्सच्या व्यवस्थापकाने राखीव पिचरांची चौकशी केली. कार्ल अर्स्किनचा कर्व्ह सरावात जमिनीवर आपटत होता, म्हणून 13 नंबरचा ब्रँका आत आला. थॉमसनला मोफत बेस देऊन टाळता आलं असतं, पण त्याच्यामागे विली मेज उभा होता. 20 वर्षांचा, पहिल्याच मोसमातला. पहिला चेंडू थॉमसनने सोडला. दुसरा सोडला नाही. डॉजर्सचा जॅकी रॉबिन्सन मात्र मैदान सोडायला तयार नव्हता. थॉमसन प्रत्येक बेसला पाय लावतो की नाही, हे तो जागेवरून न्याहाळत राहिला.

रेडिओवर समालोचक रस हॉजेस बेभान होऊन एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडला. ते आज ऐकायला मिळतं ते एका ब्रुकलिनकराने आपल्या आईकडून टेप करून घेतलं म्हणून! ब्रँकाच्या नशिबी मात्र तो चेंडू कायमचा चिकटला. शारजातल्या मियाँदादच्या षटकारानंतर चेतन शर्माचं जे झालं, तसंच.

मग 2001च्या जानेवारीत पत्रकार जोशुआ प्रॅगर यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये छापलं, की जुलैपासून जायंट्स दुर्बिणीने कॅचरच्या बोटांच्या खुणा, म्हणजे पिचरने कोणता चेंडू टाकायचा याचे इशारे, वाचत होते. पोलो ग्राउंड्सवर खेळाडूंच्या खोल्या मैदानाच्या पार टोकाला, फलंदाजाच्या समोर होत्या. तिथून खूण पकडायची, बझर वाजवायचा आणि राखीव खेळाडूंपैकी कोणी तरी फलंदाजाला इशारा करायचा. बझरची तार जोडणारा इलेक्ट्रिशियन म्हणे डॉजर्सचाच चाहता होता.

बातमी फुटल्यावर अनेकांनी थॉमसनला मोडीतच काढलं. मला ते पटत नाही. डॉजर्सनी 10-0 ने धुतलं तो सामनाही याच मैदानावर झाला होता. दुर्बीण असूनही जायंट्सना एक धाव काढता आली नाही. उलट पहिल्या सामन्यात याच थॉमसनने याच ब्रँकाला होम रन मारला तो ब्रुकलिनच्या मैदानावर, जिथे जायंट्सची दुर्बीण नव्हती. आणि 3 ऑक्टोबरच्या त्या चेंडूची खूण आपल्याला मिळाली नव्हती, असं थॉमसन शेवटपर्यंत सांगत राहिला.

पण म्हणून जायंट्स निर्दोष ठरत नाहीत. साडेतेरा सामन्यांची पिछाडी भरून काढताना कुठला विजय स्वतःच्या बॅटचा आणि कुठला बझरचा, याचा हिशेब आता लागणं नाही.

ब्रँकाला दुर्बिणीची कुणकुण लागली ती 1954मध्ये, डेट्रॉइटला खेळताना एका सहकाऱ्याकडून. तो बोलला नाही. रडका ठरायचं नव्हतं. पुढे तो आणि थॉमसन समारंभांना जोडीने जात राहिले, त्या क्षणाच्या छायाचित्रांवर दोघे सह्या करत राहिले. चाहते दोघांनाही टाळ्या देत. थॉमसन 2010मध्ये गेला, ब्रँका 2016मध्ये. चाळीसहून अधिक वर्षं त्या सह्या करताना दोघांपैकी एकाला ठाऊक होतं की दुसऱ्याचा संघ चोरून बघत होता, आणि त्याने तरीही पेन खाली ठेवलं नाही.