नळ्यांच्या गणितातील उणीव आणि ती कळविण्याचे कर्तव्य

अणुविद्युत केंद्र म्हटले की सर्वसाधारण वाचकाच्या डोळ्यांपुढे अणुभट्टी व तिच्यावरील काँक्रीटचा घुमट उभा राहतो. परंतु केंद्राची सुरक्षितता तितकीच नळ्यांवर अवलंबून असते. भट्टीतील उष्णता वाहून नेणारे पाणी नळ्यांतूनच खेळते. भट्टी बंद केल्यावरही तिच्यातील इंधन उष्णता देत राहते. म्हणून संकटसमयी थंड पाणी पोहोचविणाऱ्या नळ्या शाबूत राहणे अत्यावश्यक असते.

आधारांची योजना

नळी तापली की लांबते. ती सर्व बाजूंनी जखडली तर स्वतःच्याच प्रसरणाने तिच्यावर ताण येतो. उलटपक्षी, ती मोकळी सोडली तर भूकंपात हेलकावे खाऊन फुटण्याचा संभव असतो. यास्तव काही ठिकाणी असे आधार बसवितात की, ते सावकाश होणारी हालचाल होऊ देतात. पण अचानक हिसका बसताच नळीस धरून ठेवतात. हे आधार कोठे व किती ताकदीचे असावेत, हे आराखड्याच्या वेळीच गणिताने ठरविले जाते.

उणीव कशी आढळली?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील बीव्हर व्हॅली केंद्राच्या नळ्यांचे गणित पुन्हा तपासले असता जुनी व नवी उत्तरे जुळेनात. नव्या गणितानुसार काही ठिकाणचा ताण अनुज्ञेय मर्यादेबाहेर जात होता. भूकंप जमीन आडवी हलवितो, तशी वरखालीही हलवितो. या दोन्ही हादऱ्यांचे भार जुन्या संगणकीय पद्धतीत अधिक-उणे चिन्हांसह मिळविले होते.

शालेय उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका हादऱ्याचा भार अधिक ८ व दुसऱ्याचा उणे ६ धरल्यास बेरीज अवघी २ येते. परंतु प्रत्यक्ष भूकंपात हे दोन्ही भार एकाच क्षणी व विरुद्ध दिशांनी येऊन एकमेकांस खोडून काढतील, याची शाश्वती नसते. म्हणून चिन्हे वगळून बेरीज करावी, म्हणजे १४. अथवा दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे, म्हणजे १०. जो आधार २ च्या हिशेबाने बसविला, त्याच्यावर १० चा भार पडल्यास तो टिकेल असे मानता येत नाही.

केंद्रचालकांनी ही बाब अमेरिकेच्या अणू नियामक आयोगास कळविली. तीच पद्धत न्यूयॉर्क राज्यातील फिट्झपॅट्रिक, मेन राज्यातील मेन यांकी व व्हर्जिनियातील सरी येथील दोन भट्ट्यांसाठीही वापरली होती. १३ मार्च १९७९ रोजी आयोगाने या पाचही भट्ट्या बंद ठेवण्याचा आदेश दिला. तेथे भूकंप झाला नव्हता, की एखादी नळी फुटली नव्हती. ते वर्ष तेलटंचाईचे होते. तरीही फेरगणित करून व आवश्यक तेथे आधार सुधारूनच भट्ट्या पुन्हा सुरू करू देण्यात आल्या. एप्रिलमध्ये आयोगाने इतर केंद्रांकडेही याच पद्धतीविषयी विचारणा केली. जुलैमध्ये नळ्या व आधार नकाशाप्रमाणेच बसविले आहेत काय, हे जागेवर पडताळण्यास सांगितले.

कळविण्याचा नियम

अमेरिकेत १९७४ च्या कायद्यानुसार १९७७ साली यासाठी स्वतंत्र नियम करण्यात आला. केंद्र चालविणाऱ्यांप्रमाणेच आराखडा करणाऱ्या व महत्त्वाचे सुटे भाग पुरविणाऱ्या कंपन्यांसही तो लागू आहे. अपघात घडलेला असण्याची अट त्यात नाही. उणिवेमुळे मोठा धोका उद्भवू शकतो एवढे पुरे. आजच्या नियमानुसार शंकेची छाननी सामान्यतः ६० दिवसांत करावयाची असते. उणीव ठरल्याचे जबाबदार अधिकाऱ्यास समजताच दोन दिवसांत आयोगास सूचना व ३० दिवसांत लेखी अहवाल द्यावा लागतो. जो अधिकारी जाणूनबुजून माहिती देत नाही, तो दंडास पात्र ठरतो.

न पोहोचलेला इशारा

पाच भट्ट्यांच्या आदेशानंतर पंधराच दिवसांनी, २८ मार्च १९७९ रोजी, पेनसिल्व्हेनियातच थ्री माइल आयलंड येथे अपघात झाला. तेथे एक झडप उघडी राहून पाणी निघून गेले. चालकांचा परिस्थितीविषयी गैरसमज झाला, त्यांनी संकटकालीन पाणीपुरवठा कमी केला आणि इंधनाचा मोठा भाग वितळला. असाच प्रकार २४ सप्टेंबर १९७७ रोजी ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात घडून गेला होता. भट्टी तेव्हा अल्प शक्तीवर चालत असल्याने हानी टळली. भट्टी बनविणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी त्यावरून अंतर्गत टिपणे लिहून धोका दाखवून दिला होता. ती टिपणे कंपनीतच फिरत राहिली. थ्री माइल आयलंडच्या चालकांपर्यंत इशारा पोहोचला नाही.

शंका दोन्हीकडे वेळीच आली होती. एकीकडे ती नियामकाकडे गेली, दुसरीकडे कार्यालयातच राहिली. हे टाळण्यासाठीच वर सांगितलेल्या नियमात आणखी एक तरतूद आहे. नियमाची माहिती कामाच्या ठिकाणी सर्वांना दिसेल अशी लावावी लागते. जेणेकरून नळीचा आधार बसविणाऱ्या कामगारासही उणीव आढळल्यास ती कोणास सांगावी, हे ठाऊक असावे.