गारगोट्यांच्या माळावरील बाग

माती नाहीं, खारा वारा सुटतो, मग घरापुढें बाग ती कशी करावी, अशी पुष्कळांची तक्रार असते. तिचें उत्तर देणाऱ्या इंग्लंडांतील एका खासगी बागेची हकीकत येथें देत आहों.

केंट परगण्यांत डंजनेस नांवाचें भूशिर आहे. तेथील जमीन म्हणजे समुद्रानें लोटून आणलेल्या गारगोट्यांचा अफाट पसारा; वाऱ्यास आडोसा असा कोठेंच नाहीं. जवळच अणुशक्तीचें वीजघर असून त्यांतील वीजनिर्मिति २०१८ सालीं थांबली. अशा जागीं चित्रकार व चित्रपट-दिग्दर्शक डेरेक जार्मन यांनीं १९८६-८७ च्या सुमारास कोळ्याचें एक लांकडी घर घेतलें. घर डांबरानें काळें केलेलें व खिडक्यांच्या चौकटी पिवळ्या. त्याच सुमारास त्यांस एच्. आय्. व्ही. ची बाधा झाल्याचें निष्पन्न झालें. त्या काळीं या रोगास खात्रीचा इलाज नव्हता. तरीहि त्यांनीं कुदळ हातीं धरली.

त्यांची रीत साधी होती. गोटे बाजूस सारून खड्डा करावयाचा, त्यांत शेणखत भरावयाचें, रोप लावावयाचें व भोंवतीं पुन्हां गोटे पसरावयाचे. गोट्यांच्या आच्छादनानें खालची ओल लवकर उडून जात नाहीं. वनस्पतींची निवडहि जमीन पाहून केलेली होती. समुद्रकांठचा रानटी कोबी तेथलाच; त्याचीं पानें जाड व मेणचट, मुळें खोल. लव्हेंडर व सँटोलिना यांच्या करड्या, लवदार पानांस वाऱ्याची झळ कमी लागते. त्यांच्या जोडीस तांबड्या पॉपीचीं फुलें.

शोभेसाठीं विकत आणलेल्या पुतळ्यांची गरज पडली नाहीं. रानगुलाबास आधार म्हणून वाहून आलेलें लांकूड रोंवलें, त्यावर भोंकें असलेल्या दगडांची माळ चढविली आणि तेंच शिल्प झालें. पुढें उभ्या गारगोट्यांचीं वर्तुळें, गंजलेल्या सांखळ्या व लोखंड यांची भर पडली. बागेस कुंपण नाहीं.

जार्मन १९९४ सालीं, वयाच्या ५२ व्या वर्षीं वारले. २०२० सालीं तें घर व बाग राखण्याकरितां लोकांनीं ३५ लक्ष पौंडांहून अधिक निधि जमविला.

आमच्या कोंकणांतील कातळावर याच रीतीनें काम करतां येईल. मात्र एक भेद लक्षांत ठेवावा. गारगोट्यांतून पाणी निथरून जातें, कातळांतील खड्ड्यांत तें पावसाळ्यांत सांचतें व मुळें कुजतात. यास्तव खड्ड्यास उताराकडे वाट द्यावी किंवा जांभ्याचे चिरे रचून उंच वाफा करावा. कोरफड, सदाफुली, बोगनवेल आणि पुळणीवर मर्यादवेल यांपासून आरंभ करावा. जी जमीन वांट्यास आली तिच्याशीं भांडण्यापेक्षां तिच्याशीं सख्य करणें हेंच बागवानाचें पहिलें काम होय.