पातेरा उचलण्याआधी

उन्हाळा आला की कोकणात आपण टोपल्या-खराटे घेऊन पातेऱ्याला निघतो. राबाला, गुरांखाली, आंब्याच्या आळ्यात, तो सगळीकडे लागतो. पण जी वरकस जमीन पडीक राहून तिथं ऐन, किंजळ, कुंभा पुन्हा उभे राहताहेत, तिथला पातेरा उचलताना जरा थांबा. त्या कोवळ्या रानाची पुंजी त्यातच आहे.

वाढायला झाडाला नत्र लागतं. रानात युरिया कोण टाकणार? पडलेलं पान मातीतले जिवाणू आणि बुरशी कुजवतात, तेव्हा त्यातलं नत्र मुळांना मिळतं. पण या जीवांनाही नत्र हवंच. पानात एक भाग नत्राला साधारण २५ ते ३० भागांपेक्षा कमी कर्ब असेल, तर त्यांचं पोट भरून नत्र उरतं. गिरिपुष्पाचा हिरवा पाला असा असतो, पावसात तो चटकन विरतो. नत्र याहून कमी असेल, तर ते मातीतलंच ओढून घेतात आणि काही काळ झाडांची उपासमार होते.

गळण्याआधी झाड पानातलं बरंच नत्र परत काढून घेतं. म्हणून वाळलेलं पान हिरव्याहून गरीब. त्यात पान काजूसारखं तुरट, चिवट असेल, तर कुजायला आणखी वेळ. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, तरी तिची चिवट पानं लवकर कुजत नाहीत.

मग हळू कुजणारं पान वाईट का? नाही. आपल्याकडच्या मुसळधार पावसात मोकळं नत्र वाहून जातं. चिवट पान ते धरून ठेवतं आणि सावकाश सोडतं. घरात रोजचा खर्चही हवा आणि गाठीला चार पैसेही हवेत, तसंच हे. म्हणून रानात एकाच जातीची झाडं नकोत, मिसळ हवी.

पातेरा जाळला, तर राखेत पालाश उरतं, पण नत्राचा मोठा भाग धुरावाटे जातो.

म्हणून एवढं करू या. नव्या रानातला पातेरा तिथंच राहू दे. घराभोवतीचा, वाटेवरचा घेऊ. बांधावर गिरिपुष्प लावू, म्हणजे शेताला पाला मिळेल.

पटत नसेल, तर कांद्याच्या दोन जाळीदार पिशव्या घ्या. एकीत गिरिपुष्पाचा पाला, दुसरीत काजूची वाळलेली पानं भरा. मृगाच्या आधी रानात पातेऱ्याखाली ठेवा आणि गणपतीला उघडून पाहा. माती काय खाते आणि काय राखून ठेवते, ते तुमच्या हातातच दिसेल.