राउटरचा भाबडेपणा

२५ फेब्रुवारी २००८. भारतीय वेळेनुसार मध्यरात्र उलटून सतरा मिनिटं झाली आणि जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब उघडेनासं झालं. यूट्यूबचे सर्व्हर ठणठणीत होते, कुणी हल्लाही केला नव्हता. पाकिस्तानच्या दूरसंचार नियामकाने देशात यूट्यूब बंद करण्याचा हुकूम काढला होता. तो पाळण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने केलेली तजवीज देशाच्या सीमेबाहेर निसटली होती.

इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र नेटवर्कांचं कडबोळं. सेवा पुरवठादार, विद्यापीठं, बँका अशा प्रत्येकाचं नेटवर्क वेगळं आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक. या नेटवर्कांच्या सीमेवरचे राउटर शेजाऱ्यांना सतत सांगत असतात, की अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, तमुक पत्त्यांकडे माझ्यामार्फत जाता येईल. हे ज्या नियमांनी चालतं, तो बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजेच बीजीपी. १९८९ साली सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी जेवता जेवता कागदी नॅपकिनांवर त्याचा आराखडा मांडला. तेव्हा जाळं लहान होतं. शेजारी सांगतोय ते खरं की खोटं, हे पडताळण्याची सोय त्यांनी ठेवली नाही.

यूट्यूबने १,०२४ पत्त्यांचा एक गट जाहीर केलेला होता. बंदीचा हुकूम पाळण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने त्यातल्याच २५६ पत्त्यांवर हक्क सांगितला. दोन मार्ग समोर आले की राउटर जास्त नेमका मार्ग निवडतो. तालुक्याची पाटी सोडून आपण गावाची पाटी धरतो तसा. पाकिस्तान टेलिकॉमला जगाशी जोडणाऱ्या हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीने हा दावा जसाच्या तसा पुढे पाठवला आणि यूट्यूबकडे निघालेली वाहतूक पाकिस्तानकडे वळून तिथेच गडप झाली. सुमारे ऐंशी मिनिटांनी यूट्यूबने तेच २५६ पत्ते स्वतः जाहीर केले. अकरा मिनिटांनी त्यांचेही १२८-१२८चे दोन तुकडे पाडले, म्हणजे आपला मार्ग आणखी नेमका ठरावा. अखेर अडीचच्या सुमारास पीसीसीडब्ल्यूने तो मार्ग मागे घेतला, तेव्हा गाडी पूर्ण रुळावर आली.

हे टाळण्याचा उपाय तेव्हाही होता. ग्राहकाचा राउटर जोडताना त्याच्या मालकीच्या पत्त्यांची यादी फिल्टर म्हणून लावायची. यादीबाहेरचा दावा आला की तो नाकारायचा. सोबत, एका शेजाऱ्याकडून जास्तीत जास्त किती मार्ग घ्यायचे याची मर्यादा घालायची, म्हणजे चुकून हजारो मार्ग आले तर जोडणी आपोआप तुटते. पुढे आरपीकेआय ही व्यवस्था आली. तिच्यात पत्त्यांचा मालक डिजिटल सहीनिशी नोंदवतो, की हे पत्ते याच क्रमांकाच्या नेटवर्कने जाहीर करावेत आणि अमुकपेक्षा बारीक तुकडे मान्य करू नयेत. भारतात ही नोंद इंटरनेटचे पत्ते वाटणाऱ्या आयआरआयएनएनमार्फत करता येते. अर्थात, तिच्यातून फक्त मार्गाचा उगम तपासला जातो. वाटेत कोण कोण आहे, याची हमी तिच्यात नाही. शिवाय नोंद केली, पण समोरच्या राउटरने ती तपासलीच नाही, तर ती कागदावरच राहते.

एका देशातली चूक जगभर पोहोचली ती शेजाऱ्याने न तपासता पुढे पाठवली म्हणून. तेव्हा ज्यांच्या हाती सीमेवरचे राउटर आहेत, त्यांनी आपल्या पत्त्यांची नोंद तर करावीच. पण ग्राहकाकडून येणारा प्रत्येक मार्गही यादीशी ताडूनच आत घ्यावा.