रात्रीच रक्त का तपासतात?

बालमित्रांनो, रात्रीचे नऊ वाजलेत. जेवणं आटोपलीत. आई भांडी आवरते आहे आणि तुमचे डोळे पेंगुळलेत. इतक्यात दारावर थाप पडते. काचपट्ट्यांची पेटी घेऊन आरोग्य कर्मचारी दारात उभे! "चला, बोट पुढं करा. रक्ताचा एक थेंब हवा."

आजोबा वैतागतात, "दिवसभर कुठं होते? रातीच कायले येता जी?"

आजोबांचा प्रश्न अगदी योग्य आहे बरं का! त्याचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांनाही रात्र जागवावी लागली होती.

आपल्या भंडारा जिल्ह्यात हत्तीरोग आहे. पाय सुजून खांबासारखा झालेलं माणूस तुमच्याही गावात असेल. माझ्या आत्याला हा रोग होता. रोवणीच्या दिवसांत सगळ्या बाया गाणी म्हणत बांधीत उतरायच्या आणि आत्या एकटी धुऱ्यावर बसून राहायची. तिच्या पायात चप्पल जात नसे. कुणी म्हणे, "तलावाच्या पाण्यानं झालं." कुणी म्हणे, "मागच्या जन्मीचं आहे." पुरावा मात्र कुणाकडेच नव्हता.

पुरावा मिळाला तो सूक्ष्मदर्शकातून. १८७२ साली कलकत्त्यात टिमोथी लुईस या डॉक्टरांना माणसाच्या रक्तात वळवळणारे बारीक जंत दिसले. पण हे जंत एका माणसातून दुसऱ्या माणसात जातात कसे? चीनमधल्या अमॉय गावी पॅट्रिक मॅन्सन नावाचे डॉक्टर होते. १८७७ साली त्यांनी जंत असलेल्या माणसाला चावलेले डास घेतले आणि ते उघडून पाहिले. जंत डासाच्या शरीरात चक्क वाढत होते! मग त्यांनी रुग्णांचं रक्त दिवसा आणि रात्रीही तपासलं. दिवसा जंत जवळजवळ दिसतच नव्हते. रात्री मात्र एकेका थेंबात कितीतरी! दिवसा हे जंत फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. कसा जमला बघा दोघांचा मेळ!

आता कळलं ना आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर?

गंमत म्हणजे, मॅन्सनसाहेबांचंही एक चुकलं. त्यांना वाटलं, डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्यानं माणसाला रोग होतो. पुढे १९०० साली जॉर्ज लो यांना डासाच्या सोंडेत जंत सापडले. म्हणजे रोग पाण्यातून नव्हे, डास चावल्यानं होतो. मोठ्या माणसाचं मतसुद्धा पुराव्यापुढं बदलावं लागतं, यालाच विज्ञान म्हणतात.

आणि आपले तलाव? ते बिचारे निर्दोष आहेत. हा डास वाढतो तो घाण, साचलेल्या पाण्यात. घरामागची तुंबलेली नाली आणि संडासाची उघडी टाकी ही त्याची आवडती ठिकाणं.

आता औषधाचं बघू. पूर्वी दोन औषधं एकत्र देत असत. त्यांत तिसरं मिळवलं तर जास्त फायदा होईल का? नुसतं 'वाटतं' म्हणून चालत नाही. पापुआ न्यू गिनी या देशात १८२ रुग्णांवर याची चाचणी झाली. काहींना दोन औषधं दिली, काहींना तीन. वर्षभरानं रक्त तपासलं. एकदाच दोन औषधं घेतलेल्यांपैकी जेमतेम एक-तृतीयांश लोकांचं रक्त जंतमुक्त झालं होतं. तीन औषधं घेतलेल्यांत मात्र शंभरात सुमारे ९६ जणांचं! म्हणून २०१९ साली शेजारच्या नागपूर जिल्ह्यात तीन औषधं द्यायला सुरुवात झाली, आणि नंतर आपल्या भंडाऱ्यातही. गोळ्या वाटणाऱ्या ताई तुमची उंची का मोजतात, ठाऊक आहे? तीनपैकी एका औषधाच्या गोळ्या किती द्यायच्या, ते उंचीवर ठरतं.

पण गावात नेहमी ऐकू येतं, "मले काई झालं नाही, मी कायले गोया खाऊ?"

एक गोष्ट कबूल करतो. मी नुकताच शिक्षक झालो होतो तेव्हाची. गोळ्या घरी आल्या. "जेवल्यावर घेतो," म्हणून मी त्या कपाटात ठेवल्या आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी वर्गात ऐटीत सांगत होतो, "मुलांनो, गोळ्या घ्या हं!" तिसरीतली एक चिमुरडी उठून म्हणाली, "गुरुजी, तुमी घेतल्या का?" माझी मान खाली गेली. ज्याची आत्या आयुष्यभर धुऱ्यावर बसली, तोच विसरला होता! पुढच्या वर्षी मी मुलांसमोरच गोळ्या गिळल्या.

मित्रांनो, जंत लहानपणीच शरीरात शिरतात आणि सूज दिसते ती कित्येक वर्षांनी. तोवर माणूस धडधाकट दिसतो, पण त्याच्या रक्तातून डास जंत नेतच असतो. म्हणून धडधाकट माणसानंही गोळ्या घ्यायच्या. गावातल्या शंभरातल्या निदान ६५ जणांनी तरी त्या खरोखर गिळल्या पाहिजेत. नाहीतर साखळी तुटत नाही. म्हणूनच ताई म्हणतात, "माझ्यासमोर घ्या."

दोन वर्षांखालची बाळं, गरोदर बाया आणि खूप आजारी माणसं यांना गोळ्या देत नाहीत. बाकीच्यांनी त्या काहीतरी खाऊन घ्यायच्या, उपाशीपोटी नाही. कुणाला थोडा ताप येतो, कुणाचं डोकं दुखतं. शरीरातले जंत मरताना असं होतं. घाबरायचं नाही. जास्त वाटलं तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

साखळी तुटली की नाही, हे कसं कळतं? त्याचा पुरावा देतात पहिली-दुसरीतली मुलं! ही मुलं गोळ्या सुरू झाल्यानंतर जन्मलेली असतात. त्यांच्यात जंत सापडले, तर रोग अजून पसरतो आहे. सापडले नाहीत, तर गाव जिंकत आलं! ही तपासणी शाळेत भर दिवसा होते. बोटातून रक्ताचा थेंब घेतात आणि दहा मिनिटांत पट्टीवर उत्तर मिळतं. कारण ही पट्टी छोटे जंत शोधत नाही. शरीरात मुक्काम ठोकून बसलेल्या मोठ्या जंतांची खूण ती ओळखते, आणि ती खूण दिवसाही रक्तात असतेच.

तेव्हा या रविवारी एवढं कराच. घरामागची नाली वाहती करा. संडासाच्या टाकीच्या नळीला आईबाबांच्या मदतीनं जाळी बांधा. रात्री मच्छरदाणीत झोपा. घरात कुणाचा पाय सुजलेला असेल, तर तो रोज साबणानं धुऊन हळूच कोरडा करून द्या. सूज पूर्ण उतरत नाही, पण जखमा टळतात, ताप टळतो. माझ्या आत्याला हे कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. तुम्ही तुमच्या आत्याला, आजीला नक्की सांगाल.

आणि रात्री दारावर थाप पडली, की आजोबांच्या आधी तुम्हीच बोट पुढं करा. आजोबांनी "रातीच कायले?" विचारलं, तर उत्तर आता तुमच्याजवळ आहेच!