जंगलातले भाऊ

१९४४मध्ये सोव्हिएत फौजा लिथुएनियात परतल्या, सक्तीची सैन्यभरती सुरू झाली आणि हजारो तरुणांनी जंगल गाठले. लाटव्हिया-एस्टोनियातही हेच घडले. लोक त्यांना ‘जंगलातले भाऊ’ म्हणत. जमिनीखाली खणलेल्या, फळ्यांचा आधार दिलेल्या खंदकांत ते राहत. हिवाळा सर्वांत घातक, कारण बर्फातली पावले शत्रूला थेट दारापर्यंत आणत. अन्न शेतकरी पुरवत. तो आधार तोडण्यासाठी आणि शेती सामूहिक करण्यासाठी मार्च १९४९मध्ये तिन्ही देशांतून सुमारे ९० हजार लोक हद्दपार केले गेले, त्यांत बहुसंख्य बायकामुले होती.

सोव्हिएत सुरक्षा दले मारलेल्या बंडखोरांची प्रेते गावच्या चौकात टाकून ठेवत आणि कोणाचे डोळे भरून येतात, यावर पाळत ठेवत. आईलाही ओळख दाखवायची चोरी! याहून क्रूर युक्ती क्वचितच कोणी योजली असेल. मात्र जंगलातल्या या भावांपैकी काहींचे हात नाझीकाळात ज्यूंच्या हत्याकांडात रंगले होते, हेही लपवता कामा नये.

लिथुएनियात सुमारे २० हजार लढवय्ये मारले गेले. त्यांचे एक सेनानी अडोल्फास रामानाउस्कास पेशाने शिक्षक होते. त्यांना १९५७मध्ये मृत्युदंड दिला गेला. त्यांचे अवशेष २०१८मध्ये व्हिल्नियसला सापडले आणि त्याच वर्षी सरकारी इतमामात त्यांचे दफन झाले.